तीस शब्द आणि तीस मेंढ्या

माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द पोटात घाला.

माळावर उन्हं कलली की मालनबाई बाभळीखाली इंग्रजी शिकवायच्या. सिदा मेंढपाळ चांगला बाप्या, पण पोरांच्या मागे लाजत बसायचा. ते परके शब्द त्याला स्वप्नातही ऐकू यायचे.

एकदा तालुक्याचे साहेब वर्ग तपासायला आले. त्यांनी खिशातल्या यादीतले तीस शब्द अर्थासकट घडाघडा वाचले आणि सिदाला उठवलं. "मिस्ट म्हणजे?"

सिदाने बाईंकडे पाहिलं.

"आत्ताच सांगितलं ना, धुकं! एकदा सांगून कळत नसेल तर वर्ग बंद करा, बाई."

बाईंचा चेहरा उतरला. सिदा हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या पण तीस मेंढ्या हायेत. नावं सांगू?"

त्याने बाजूला चरणाऱ्या एकेकीकडे बोट दाखवत नावं सांगितली: काजळी, बोरी, चांदी, अशी तीस. मग शीळ घातली आणि कळप एकमेकांत मिसळला.

"आता काजळी दाखवा."

साहेबांचं बोट हवेतच फिरत राहिलं. "अरे, एकदा ऐकून कशी ओळखू? सगळ्या सारख्याच दिसतात!"

"मला बी तुमचे शब्द अजून सारखेच दिसत्यात, साहेब. चार दिस त्यांच्यासंगं रानात हिंडू तर द्या."

साहेबांनी यादी खिशात घातली. "वर्ग चालू ठेवा, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ धुक्यात बुडाला होता. पहाटे जन्मलेलं पांढरं कोकरू सिदाने खांद्यावर घेतलं, त्याच्या कानात "मिस्ट" म्हणाला, आणि चरायला निघाला.