खांद्यानं निवडलेली करवत

एका गावात एक माळी होता. माणूस कामाचा, पण डोकं म्हणजे तापला तवा. थेंब पडला की चर्र. कुणी म्हणालं, "मामा, आज ऊन लई हाय," तर हा म्हणायचा, "मग मी काय करू? सूर्यावर झाकण ठिवू?"

गावामागं टेकडी आणि टेकडीवर देव. गावातनं देवळाकडं चढणीची वाट जायची आणि वाटेच्या दोन्ही अंगांना जांभळाची झाडं होती. उंच, सरळ, डोक्यावर गार सावली धरणारी. माळ्याच्या बापानं लावलेली. खालच्या ओढ्यावरनं घागरी वाहून वाहून त्यानं ती जगवली. बाप गेला, झाडं राहिली. माळी माणसांशी कधी धड बोलला नाही, पण त्या झाडांशी बोलायचा.

दरवर्षी चैत्रात त्या वाटेनं देवाची सासनकाठी वर जायची. काठी म्हणजे घरावर घर ठेवावं एवढा उंच बांबू, शेंड्याला निशाण. एक गडी ती खांद्याशी उभी धरतो, चौघं चार बाजूंनी दोऱ्या ताणून धरतात. त्या गावात काठीवाल्यांचा एक शब्द होता. शेंडा डुलायला लागला की त्याची थरथर बांबूतनं खाली उतरते आणि खांद्यात शिरते. त्याला ते म्हणायचे, काठी बोलाय लागली. काठी बोलली की गड्यानं गुमान थांबायचं, खांदा बदलायचा. नवी काठी घेतानासुद्धा हीच रीत. उभी करायची आणि बोलते का ते ऐकत राहायचं.

गेल्या साली काठी माळ्याच्या खांद्यावर होती. जांभळाच्या फांद्या वाढून वाटेवर आल्या होत्या. निशाण एका फांदीत अडकलं. काठी बोलाय लागली. माळी थांबणार, तेवढ्यात मागनं कुणीतरी ओरडलं, "जोर लाव की! जेवला न्हाईस काय?"

झालं. माळ्याचं डोकं फिरलं. त्यानं दिला हिसडा. निशाण टर्रकन फाटलं आणि काठी आडवी झाली. माणसं बाजूला पळाली म्हणून बरं, नाहीतर डोकी फुटली असती.

यंदा यात्रेआधी देवळात बैठक बसली. काठीचे मानकरी होते म्हातारे आबा. ते म्हणाले, "झाडं मुळातनं काढा. वाट बी मोकळी आन् शिमग्याला होळीबी दणक्यात."

माळी ताडकन उठला. "होळी करायची तर माझी करा! झाडाचं काय चुकलं? फांद्या वाढल्या, मी छाटल्या न्हाईत. चूक माझी हाय."

"छाटणार कसा रं?" आबा म्हणाले. "जांभळाची फांदी दगाबाज. गुरवाचा भाऊ वर चढला आन् कंबर मोडून बसला. झाडावर माणूस चढवायचा न्हाई म्हंजे न्हाई. उतारावर शिडी ठरत न्हाई. आन् विजेच्या करवतीला तितं वायर न्यायची म्हटली तर निम्मं गाव गुंडाळावं लागंल."

तेव्हा कोपऱ्यातला पैलवान बोलला. हा गावातला दुसरा माळी. दंड असा की सदऱ्याची बाही उसवायची. "आबा, आता बॅटरीच्या करवती आल्यात. लांब दांड्याच्या. खाली हुबं ऱ्हायाचं आन् वर कापायचं. वायर न्हाई, काय न्हाई. मी करतो की."

आबांनी दाढी खाजवली. "मग असं करा. उजवी रांग माळ्याची, डावी पैलवानाची. करवती देऊळ घेऊन देईल, निवडायच्या ज्याच्या त्यानं. शिमग्याच्या आत जी रांग मोकळी हुईल ती ऱ्हाईल. जी हुणार न्हाई, ती होळीत."

माळी घरी आला आणि जेवला नाही.

बाजाराच्या दिवशी दोघं तालुक्याला गेले. माळ्याबरोबर माळीण होती. दुकानात ही गर्दी. दुकानदारानं दोन करवती पुढं ठेवल्या. एक दांडगी. पातं हातभर लांब, मोटार आणि बॅटरी दोन्ही वरच्या टोकाला. दुकानदारानं ती चालू केली, तशी ती अशी गुरगुरली की एक म्हातारी पिशवी टाकून बाहेर पळाली. दुसरी बारकी. दांडा सडपातळ, पातं वितभर, बॅटरी खाली मुठीपाशी. ती नुसती चिरचिरली.

पैलवानानं दांडगी उचलली आणि कमरेशी धरली. "ह्याला म्हणायचं हत्यार! आन् ही बारकी कशाला वं? बायकांनी शेवग्याच्या शेंगा काढायला?"

दुकान हसलं.

माळीण म्हणाली, "शेंगा तरी निघत्यात. तुमच्यानं काय निघतंय ते बघूच की."

पण माळ्याचे कान लाल झाले होते. "मलाबी दांडगीच द्या! पैलवानाच्यापरास दांडगी असंल तर ती द्या!"

दुकानदार खूश. लगेच खोकं बांधायला लागला. माळीण हळूच म्हणाली, "अवं, ही काठी असती तर अशीच घेतली असती व्हय?"

माळी थबकला. तिच्याकडं असं बघितलं की दुसरी असती तर गप झाली असती.

ती म्हणाली, "बोलू द्या की तिला जरा."

माळ्यानं दात आवळले, खोक्यातनं दांडगी करवत बाहेर काढली आणि तिचं टोक पार छपराच्या पत्र्याजवळ जाईल असं वर धरून उभा राहिला. नुसता उभा.

दुकानदार म्हणाला, "मामा, काय करताय? इथं झाड कुठाय?"

"गप ऱ्हा. ऐकतोय."

मग काय विचारता! दुकान लोटपोट. "रेडू हाय व्हय त्यो?" "बातम्या लागल्या काय मामा?" बाहेर टपरीवर चहा ठेवला होता. त्याला उकळी फुटायच्या आत करवतीचं टोक डुलायला लागलं. थरथर दांड्यातनं खाली आली, मनगटात, कोपरात, खांद्यात. ओळखीची थरथर. बोलाय लागली. माळ्यानं ती खाली ठेवली.

मग बारकी वर धरली. चहा उकळला, गाळला, लोकांनी पिऊन कप परत दिले. बारकी गप होती.

"मामा," पैलवान म्हणाला, "ही घेणार असाल तर मिशा दुकानात ठिवून जावा."

माळ्याचा हात परत दांडगीकडं गेला. खरंच गेला. राग असा चढला होता की दुकानदाराचं तोंडसुद्धा दिसेना. पण कानात आणखी एक आवाज घुमला. जोर लाव की! जेवला न्हाईस काय? आणि त्यामागनं निशाण फाटल्याचा टर्र.

त्यानं हात मागं घेतला. "ही बारकी द्या. बॅटऱ्या दोन द्या, एक करवतीला, एक चार्जिंगला. डोळ्याला चष्मा द्या आन् डोक्याला टोप द्या."

दुकानदार म्हणाला, "बघा बरं का. पातं बारकं हाय, जाड फांदी एका दमात जायाची न्हाई."

"एका दमात कुणाला पायजे?"

गावात बातमी त्याच्या आधी पोचली. माळ्याचं नाव पडलं शेंगामामा. कुणी पारावरनं ओरडायचं, "शेंगामामा, आमटीपुरत्या द्या की!" माळी दगड उचलायचा आणि परत खाली टाकायचा. काम पडलं होतं.

पहिल्या दिवशी पैलवानाच्या रांगेत जत्रा भरली. दांडगी गुरगुरली की फांदी धाडकन खाली. लोक टाळ्या वाजवायचे, पोरं नाचायची. माळ्याकडं कोण बघतंय? त्याची रीत तुकड्यातुकड्याची. काठीचे दोरीवाले गडी त्यानं बोलावले. दोरीला दगड बांधून फांदीवरनं टाकायची, सरकफास वर ओढायचा, गड्यांनी दोऱ्या ताणून धरायच्या. मग फांदीच्या शेंड्याकडनं तुकडे घेत मागं यायचं. बुंध्याजवळ आलं की आधी खालनं थोडं कापायचं, मग वरनं. फांदी साल न सोलता गपकन सुटायची आणि दोरीवर झोके घेत खाली यायची. हात बोलाय लागला की माळी करवत खाली घ्यायचा, पाणी प्यायचा, बॅटरी बघायचा. लोकांना जांभया यायच्या.

दुसऱ्या दिवशी पैलवानाचे खांदे सुजले. टोपी घालायला बायकोला हाक मारावी लागली. तरी गडी हटेना. करवत थरथरायची, हा दात खाऊन धरायचा. पातं भलतीकडंच लागायचं, फांद्या अर्ध्या सोलून लोंबायच्या. दिवसाला एक झाडसुद्धा धड होईना.

बघता बघता शिमगा उद्यावर आला. उजवी रांग मोकळी झाली होती. डाव्या रांगेत शेवटची तीन झाडं तशीच, आणि त्यातली सगळ्यात मोठी फांदी नेमकी वाटेच्या मधोमध. पैलवानानं ती एका दमात घ्यायची ठरवली आणि वरनंच कापायला लागला. फांदी आपल्याच वजनानं वाकली, चिरीत पातं गच्च आवळलं. त्यानं ओढलं, हिसडलं. बॅटरी संपली आणि करवत मुकी झाली. दांडा हातातनं सुटला आणि ते दांडगं हत्यार वटवाघळासारखं वर लोंबत राहिलं. फांदी करकरायला लागली. लोक मागं पळाले.

आबा म्हणाले, "बास. डावी रांग होळीत."

पैलवान दगडावर बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं.

माळ्याला घरी जाता आलं असतं. त्याची रांग सुटली होती. मिशा पिळत, शीळ घालत गेला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण तो आला तो तरातरा आबांच्या पुढ्यात.

"आबा, माझ्या बापानं झाडं दोन्ही अंगाला लावली. पाणी घालताना त्यानं उजवं-डावं केलं न्हाई. शिमगा उद्या हाय, आज न्हाई!" मग पैलवानाकडं वळून खेकसला, "ऊठ लेका! बाळंतिणीवानी बसलाय काय? तू दोरी धर. तुझ्यासारखा दंड माझ्याकडं एक बी न्हाई."

पैलवान उठला. गड्यांनी मोडत आलेल्या फांदीला दोन दोऱ्या अडकवल्या. पैलवानानं दोरी कमरेला वेढून पाय रोवले, तशी फांदी करकरायची थांबली. माळी फांदीखालनं बाजूला सरकून उभा राहिला आणि बारकी वर केली. चिरचिर, चिरचिर. शेंड्याचा एक तुकडा. मग दुसरा. फांदी हलकी होत चालली.

दिवस कलला. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, "मामा, जोर लावा की! उजेड चालला!"

तेच शब्द. माळ्याचे कान तापले. त्याच वेळी दांड्यातनं थरथर खाली आली. एवढी बारकी करवत, पण दिवसभराचा हात दमला होता, ती बोलाय लागली होती. सगळं गाव बघत होतं. माळीण बघत होती.

माळ्यानं करवत खाली घेतली. खाली बसला. सावकाश पाणी प्याला. आणि गर्दीकडं बघून म्हणाला, "जोर घरी ठिवलाय. ज्याला घाई हाय त्यानं फुडं येऊन धरावी."

कुणी आलं नाही. आबा मात्र मिशीत हसले.

माळ्यानं दुसरी बॅटरी बसवली, खांदा बदलला, करवत परत वर केली. आधी खालनं, मग वरनं. कट्! फांदी सुटली आणि पैलवानाच्या दोरीवर अशी अलगद उतरली की जशी पाळण्यातनं खाली घेतलेली पोर. तिच्याबरोबर दांडगी करवतही खाली आली. आता टाळ्या पडल्या त्या टेकडीवर ऐकू गेल्या असतील.

उरलेली झाडं दोघांनी मिळून घेतली. एक कापायचा, एक दोरी धरायचा, मग पाळी बदलायची. पैलवानानं बारकी हातात घेतली, बराच वेळ कापलं आणि चकित होऊन म्हणाला, "मामा, ही बोलतच न्हाई की वं!"

"शेंगा काढायची हाय ती," माळी म्हणाला. "बायकांची. ती कशाला बोलंल?"

पैलवान असा हसला की दोरी सुटता सुटता राहिली. अंधार पडायच्या आत शेवटची फांदी भुईला लागली. दुसऱ्या दिवशी होळीत फांद्या गेल्या. झाडं जागच्या जागी राहिली, दोन्ही रांगा.

चैत्र आला. जांभळांना तांबूस पालवी फुटली. नवं निशाण बांधून काठी उभी राहिली आणि आबांनी कुणाला न विचारता ती माळ्याच्या खांद्याला दिली. पुढची दोरी पैलवानाच्या हातात. हलगी कडाडली, गुलाल उडाला. काठी वाटेला लागली. दोन्ही अंगांना सावली आणि मधोमध आभाळाचा सरळ पट्टा. त्या पट्ट्यातनं निशाण फडफडत वर चाललं. एका पानाला लागलं नाही.

गेल्या साली जिथं काठी पडली होती तिथं सगळं गाव वर बघत थांबलं. पैलवानानं मागं वळून विचारलं, "मामा, काठी काय म्हणती?"

माळ्यानं कान दिला. घामानं निथळलेला, गुलालानं माखलेला तो तापट माणूस, गावानं पहिल्यांदाच, तोंडभर हसताना बघितला.

"काय न्हाई," तो म्हणाला. "गप हाय."

"देवाच्या नावानं चांगभलं!" टेकडी दणाणली, आणि काठी ताठ मानेनं देवळाच्या आवारात शिरली.

तात्पर्य: हत्यार लोकांच्या टाळ्या ऐकून घेऊ नका, वर धरून बघा आणि आपला खांदा काय सांगतो ते ऐका. हसणाऱ्यांना हसू द्या. काम पडलं की त्यातला एकही करवत धरायला येत नाही.