जाकड पोथ्या

बाजाराचा दिवस होता. हौसा कासारीण कुंभाराच्या सुनेच्या हातात बांगड्या भरत होती. तेवढ्यात दवंडी आली.

"ऐका हो ऐका! तिन्ही विद्यापीठांनी यापुढे मिळून पोथ्यांची एकच खरेदी करायची! पौर्णिमेला महाराज तपासायला येणार! नव्या खरेदीतली एक जरी पोथी न वाचलेली सापडली, तर पोथीशाळेत घोड्यांचा कडबा भरणार! आणि मागितलेली पोथी मिळाली नाही, तरीही कडबाच भरणार!"

हौसाच्या हातून बांगडी कधी फुटत नसे. त्या दिवशी फुटली.

राजा भोगराज रागावला होता त्याला कारण होतं. तिन्ही विद्यापीठांनी एकमेकांना न विचारता एकच जाडजूड व्याकरणाची पोथी विकत घेतली होती, आणि तिन्हीकडे तिचं बासन कुणी सोडलंच नव्हतं. एकीत तर उंदरीण बाळंत झाली होती!

हौसाचा नवरा याच गावच्या विद्यापीठाच्या पोथीशाळेत खिडकीजवळ बसून वाचायचा. हौसाला अक्षरं त्यानेच शिकवली. तो गेला तेव्हा त्याची पोथी अर्धी झाली होती. खूण म्हणून पानांत ठेवलेला हिरव्या बांगडीचा तुकडा अजून तिथेच होता. हौसा रोज संध्याकाळी जाई, पोथीवरची धूळ पुसे, जरा वेळ बसे आणि परत येई. तिथे कडबा भरला, तर तिने बसायचं कुठे?

ती तडक पोथीशाळेत गेली.

"शास्त्रीबुवा, काय ठरलं?"

"ठरतंय काय, डोंबल! कमी घेतल्या, तर मागितलेली नसेल. जास्त घेतल्या, तर वाचलेली नसेल. बाकीच्या दोन विद्यापीठांचे शास्त्री विचार करायला म्हणून आलेत. जेवतात मात्र मनापासून!"

दाराशी त्रिंबकशेट पोथीवाला पोथ्यांनी भरलेल्या गाड्या घेऊन उभा होता.

"विचार कसला करता? घ्या सगळ्या!" शेट म्हणाला. "निवडून एकेक मी देत नाही. घ्यायच्या तर गाडीसकट!"

"शेट, माझी पेटी बघा," हौसा म्हणाली. "यात हवा तो रंग मिळेल. पण यातली एकही बांगडी माझी नाही."

"चोरीच्या आहेत की काय?"

"जाकड आणलेल्या! हातात भरल्या तेवढ्या माझ्या, उरल्या त्या व्यापाऱ्याला परत. तुम्हीही पोथ्या इथे जाकड ठेवा."

"वा! म्हणजे लोक फुकट वाचणार आणि मी माश्या मारणार!"

"पहिली चार पानं मोकळी ठेवा. बाकीच्या गठ्ठ्याला तुमचा तांबडा दोरा बांधा. चार पानं चाळणं फुकट. दोरा तुटला की पोथी विकली. मग ती तिन्ही विद्यापीठांची. ज्याला हवी त्याच्याकडे घोडेस्वार नेऊन देईल."

शेटने मनात हिशेब केला. दोरा तुटायला वेळ तो किती लागतो? आणि घरी तीन दांडगे पुतणे रिकामेच बसले आहेत.

"कबूल!" तो म्हणाला. इतक्या झटकन म्हणाला, की हौसाने मान वर केली.

"एक राहिलं, शेट. भरलेली बांगडी हातातच ठेवून घरी जायचं असतं. ज्याने दोरा तोडला, त्याने पोथीत काय आहे ते शास्त्रीबुवांना सांगूनच उठायचं."

"सांगेल की! त्यात काय?"

दुसऱ्याच दिवशी पुतणे आले आणि शेंगा सोलाव्यात तसे दोरे तोडत सुटले. शास्त्रीबुवांनी त्यांच्यापुढे सतरंजी अंथरली.

"बसा. सांगा, काय लिहिलंय?"

"अक्षरं लिहिलीत!" थोरला म्हणाला.

"ते कळलं. पुढे?"

पुढे काही येईना, आणि शास्त्रीबुवा उठू देईनात. शेवटी तिघांनी पानं उलटायला घेतली. घरून त्यांचे डबे येऊ लागले.

पौर्णिमेला महाराज आले. पाहतात तर भिंतभर तांबडे दोरे!

"सापडल्या!" ते गरजले. "या सगळ्या न वाचलेल्या! आणा रे कडबा!"

"आणा," हौसा म्हणाली. "पण तो त्रिंबकशेटच्या वखारीत न्या. दोरा असलेल्या पोथ्या त्यांच्या आहेत, महाराज. आपल्या पोथ्यांचे दोरे तुटलेत, आणि त्या सगळ्या वाचलेल्या आहेत. कुठलीही विचारून बघा!"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला.

"अस्सं! मग मी मागतो ती द्या. हत्तीच्या दाढदुखीवरची पोथी!"

शास्त्रीबुवांनी वरच्या फळीवरून ती काढली. महाराजांनी चार पानं चाळली. पाचवं दोऱ्याखाली होतं. त्यांनी दोरा तटकन तोडला.

"विकली!" त्रिंबकशेट आनंदाने ओरडला.

"आता बसावं, महाराज," हौसा म्हणाली. "काय वाचलंत ते सांगूनच उठायचं."

"मी? राजाने?"

"घोड्यांची सोय बघायला आला होतात. हत्तीचीही होऊन जाईल!"

महाराज बसले. आधी चिडून वाचलं, मग पुढे वाकून. एकदम मांडीवर थाप मारली. "लवंगेचं तेल! आमचा गजराज महिनाभर ओरडतोय आणि आम्ही त्याला भूत लागलं म्हणून अंगारे लावतोय!"

तिकडे शेट पुतण्यांना ओढत होता. "चला रे घरी! काम झालं!"

"काका, थांबा हो!" धाकटा हात सोडवून म्हणाला. "राजकन्या आत्ताच विहिरीत पडलीय!"

महाराज इतके हसले, की मुकुट सावरायला प्रधान धावला.

"हौसाबाई, इथे कडबा कधीच येणार नाही. आणि काय हवं ते मागा."

"खिडकीजवळची जागा, महाराज."

महाराजांनी तिकडे पाहिलं. "ही पोथी कोण वाचतंय? खूण दिसतेय काचेची."

"आमचे हे वाचत होते. निम्मी झालीय."

पोथीकडे गेलेला हात महाराजांनी मागे घेतला. "आणि उरलेली?"

"वाचीन की मी."

खिडकीजवळ आता राजाने दिलेली मऊ गादी आहे. हौसा तिथे रोज बसते. तिने आजवर पुष्कळ पोथ्यांचे दोरे तोडले, वाचल्या, शास्त्रीबुवांना सांगितल्या. हिरव्या काचेपुढची पानं मात्र तिने अजून वाचलेली नाहीत.