पेटी कुणाच्या हाती द्यावी?

एकदा एका वृद्ध मास्तरांकडे, जे बाजाच्या पेट्या दुरुस्त करीत, त्यांचा शिष्य निवृत्ती धावतच आला. त्याची धाकटी बहीण कुमुद, तिचं तान्हं मूल गेल्यापासून, तीन महिने कुणाशी धड बोलत नव्हती. वाढलेलं ताट तसंच राही. घरचे पार हवालदिल झाले होते.

"मास्तर, मार्ग सापडला! बाजारपेठेत एक समुपदेशक बसतात. पाटी केवढी मोठी! आणि बोलणं असं गोड, की ऐकत राहावं. उद्याच कुमुदला नेतो."

"कुठे शिकलेत ते?"

"ते काही विचारलं नाही बुवा. एवढ्या मोठ्या माणसाला असं विचारणं बरं दिसतं का?"

मास्तर उठले. निवृत्तीच्या आजोबांची पेटी दुकानात दुरुस्तीला आली होती, ती त्यांनी उचलली आणि समोरच्या छत्र्या दुरुस्त करणाऱ्यापुढे नेऊन ठेवली. "हिचा एक सूर उतरलाय, बघा जरा." तोही भला माणूस, लगेच कानस शोधू लागला.

निवृत्ती धावत मध्ये पडला. "अहो दादा, थांबा! हे काम कुणाकडे शिकलात? आजवर किती पेट्या उघडल्यात? सुराची पितळी पट्टी एकदा जास्त घासली गेली, की सूर कायमचा गेला!" त्याने पेटी छातीशी धरली. "मास्तर, हे काय आरंभलंत?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "लाकडाच्या पेटीसाठी तुला एका दमात दोन प्रश्न सुचले. बहिणीचं मन उघडायला द्यायचं, तिथे मात्र भीड आड आली. अरे, विचारणं म्हणजे अपमान नव्हे. ज्याने विद्या रीतसर घेतली, त्याला ती कुठे घेतली हे सांगताना राग येत नाही. पदवी कोणती, अशा दुःखातली माणसं पूर्वी पाहिलीत का, आवाक्याबाहेर गेलं तर कुणाकडे पाठवाल, एवढं विचार. मग ने."

निवृत्ती ओशाळला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. प्रश्न ऐकताच त्या गोडबोल्या समुपदेशकाचा चेहरा पालटला. "विश्वास नसेल तर येऊ नका!" भिंतीवरचं प्रमाणपत्र तीन दिवसांच्या शिबिराचं निघालं.

आठवड्याने तो कुमुदला घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंकडे गेला. तेच प्रश्न त्याने चाचरत विचारले. बाईंनी पदवी, विद्यापीठ, अनुभव सारं सांगितलं. "खुशाल पडताळून घ्या. औषधाची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे मीच पाठवीन. औषध देणं माझं काम नाही."

तोवर खाली मान घालून बसलेल्या कुमुदने वर पाहिलं. "मी इथे जे बोलेन, ते घरी कळेल का?"

तीन महिन्यांतला तिचा हा पहिला प्रश्न होता. निवृत्तीचे डोळे भरून आले.

"तुमच्या जिवाला धोका वाटला तरच घरी सांगेन," बाई म्हणाल्या, "आणि तेही आधी तुम्हाला सांगून. एरवी नाही."

कुमुदने खुर्ची थोडी पुढे ओढली. "दादा, तू बाहेर बस," ती म्हणाली.