करारावरची गुरूची जागा

सातपुड्याच्या पायथ्याशी एका छोट्या विद्यापीठाला जागतिक आरोग्याचा अभ्यासक्रम सुरू करायचा होता. मार्गदर्शनाला परदेशातल्या बड्या विद्यापीठाचे प्रोफेसर लिंडग्रेन आले. आल्या आल्या त्यांनी बजावलं, "नियम सोपा आहे. प्रश्न विचारतो तो शिष्य, उत्तर देतो तो गुरू. आणि अभ्यासक्रम गुरूच ठरवणार."

"मान्य," विभागप्रमुख विशाखा पाडवी म्हणाल्या. "आधी आमचं काम बघून घ्या."

त्यांनी पाहुण्यांना आठवडी बाजारात नेलं. तिथं मिरच्यांच्या ढिगाशेजारी बाळांना लस टोचणं चाललं होतं.

"दवाखाना सोडून बाजारात का?"

"पाड्यांवरच्या आया दवाखान्यात फिरकत नाहीत. बाजार मात्र चुकवत नाहीत."

"आणि एखादीनं चुकवलाच तर?"

"शेजारीण बाळाला घेऊन येते."

साहेब दिवसभर विचारत राहिले, बाई सांगत राहिल्या.

संध्याकाळी दोन्ही विद्यापीठांमधला करार समोर आला; त्यावर सहीसाठी 'गुरू' आणि 'शिष्य' अशा दोन जागा होत्या. तेव्हा बाईंनी शांतपणे गुरूच्या जागी सही ठोकली. लिंडग्रेन चपापले. "अहो, ती माझी जागा!"

"नियम तुमचाच, सर. आज सगळे प्रश्न तुम्ही विचारलेत."

साहेबांनी हसत पेन उघडलं. "बरं, मी सही कुठं करू?"

"बघा," बाई म्हणाल्या, "अजून विचारतच आहात."