मागून येणाऱ्याचा बर्फ

“…आणि पुढे मी का नको, मोशुम?”

डेलियाने हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला होता. कॅनडातले क्री लोक आजोबांना मोशुम म्हणतात. आणि तिचे मोशुम एकाच प्रश्नापुढे तीनदा गप्प बसू शकतात, हे तिला ठाऊक होते.

समोर गोठलेले सरोवर पसरले होते. पलीकडच्या काठावर त्यांच्या खोपटाचा धूर दिसत होता. आजी तिथे वाट पाहत होती. शिकारीला ते दोघे काठाने लांबचा वळसा घालून आले होते; या हिवाळ्यात सरोवर अजून कोणीही ओलांडले नव्हते.

“गेल्या वर्षी सगळं शिकवलंत की! काठी आपटायची. आवाज भरीव आला, तर पाऊल टाकायचं. पोकळ आला, तर मागे फिरायचं. पाठ आहे मला.”

“पाठ आहे?”

“हो!”

मोशुमनी लोखंडी टोकाची काठी तिच्या हाती दिली. मारलेल्या मूस हरणाच्या निम्म्या मांसाने भरलेल्या स्लेजचा, बर्फावरून ओढायच्या गाडीचा, पट्टा त्यांनी स्वतःच्या छातीवर घेतला.

“फार मागे राहू नका हं,” डेलिया म्हणाली.

“तू अशीच बदकासारखी डुलत निघालीस, तर मागे राहणं मला जमायचं नाही.”

ठक्. पाऊल. ठक्. पाऊल. बारा वर्षांच्या डेलियाची मान ताठ झाली होती. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या बर्फावरही तिने तशीच काठी आपटली, तसाच आवाज ऐकला आणि भराभर पलीकडे गेली.

मागची स्लेजची करकर मात्र थांबली होती.

तिने वळून पाहिले. मोशुम बेटांमधल्या त्या वाटेच्या सुरुवातीलाच उभे होते.

“थांबलात का?”

“तू सांगशील, तेव्हा येईन.”

“मी आले की चालत!”

“तू आलीस…”

वारा बर्फावरून सरपटत गेला. डेलियाने आपल्या पावलांचे ठसे पाहिले. उथळ, हलके, पुसट. मग तिने मोशुमचे रुंद खांदे पाहिले, त्यांच्यामागची मांसाच्या ओझ्याने वाकलेली स्लेज पाहिली.

आपल्याच ठशांवरून ती तीन पावले मागे आली. दोन्ही हातांनी काठी उचलून तिने सारा जीव एकवटून घाव घातला. एक. दोन. तिसऱ्या घावाला काठी आरपार गेली. काळे पाणी वर आले आणि तिच्या बुटांभोवतीचे हिम भिजू लागले.

बेटांच्या मधून खाली प्रवाह असतो, तिथे बर्फ उशिरा धरतो. हेही तिला पाठ होते.

“तिथून हलू नका!” ती किंचाळली.

“हललो नाही. मांस बुडालं, तर तुझी आजी मला घरात घ्यायची नाही.”

तिला हसू आले नाही.

मोठ्या बेटाला वळसा घालून ती मोशुमकडे परतली. त्याच वाटेने त्यांना पुढे न्यायचे होते. आता ती प्रत्येक ठिकाणी तीन घाव घालत होती, आणि शंका आली तर चौथा. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टेकला. स्वतःच्या पावलांकडे तिचे लक्षच नव्हते. कान मागे लागले होते. करकर क्षणभर थांबली, तरी ती वळून पाही. बर्फ कुठेतरी दूर कडाडला. ती गोठून उभी राहिली…

“मोशुम?”

“आहे.”

अखेर काठावरचे दगड पायाला लागले. डेलिया मटकन खाली बसली.

“तिथे बर्फ पातळ असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं! मग मला जाऊ का दिलंत?”

“तुला पेलेल एवढा होता.”

“आणि तुम्हाला?”

मोशुम छातीवरचा पट्टा सोडत राहिले. गाठ गोठली होती. त्यांनी ती दातांनी सैल केली.

तिने काठी पुढे केली.

“उरलेलं मांस आणायला उद्या तुम्ही पुढे व्हा. मला भीती वाटते.”

“कसली?”

“तुम्ही माझ्या मागे असता… त्याची.”

मोशुमनी काठी घेतली नाही. त्यांनी तिची बोटे काठीभोवती पुन्हा घट्ट मिटवली.

“मग उद्याही मी तुझ्या मागेच चालेन.”