चिमाचे डोळे

कासारखोलच्या देवळात, सभामंडपाच्या डाव्या भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर फणसाची एक लांब फळी बसवलेली आहे. फळीवर अख्खं गाव कोरलं आहे. विहीर, कुंभाराचं चाक, भात झोडणाऱ्या बाया, सगळं. साठ-सत्तर माणसं असतील, पण एकालाही डोळे नाहीत. डोळे आहेत ते फक्त विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या लहान मुलीला.

ती तातू मेस्त्रीची चिमा, असं सांगतात.

पूर्वी त्याच भिंतीवर गावाचं चित्र होतं म्हणे, कुणा फिरत्या चिताऱ्याने काढलेलं. त्यात चिमाही होती. पुढच्याच वर्षी ती तापाने गेली, सात वर्षांची होऊन. पुढे भिंतीला ओल चढून चुना सुटू लागला, तसा तातूचा जीव कासावीस झाला. पोरीचं रूप तेवढं त्या एकाच जागी उरलं होतं. ते झडून जायच्या आत सगळं चित्र लाकडात उतरवायचं, म्हणून तो पटाशी घेऊन बसला. दोन वर्षं खपला. डोळे मात्र त्याने देवाच्या मूर्तीसारखे अगदी शेवटी उघडायचे ठेवले होते.

पहिले डोळे त्याने भिवा कुंभाराचे कोरले. त्या दिवशी भर दुपारी चाकावर बसलेला भिवा म्हणाला, "आज इतक्यात काळोख कसा पडला?" दुसऱ्या दिवशी गुरविणीचे कोरले, तर ती स्वतःच्या उंबऱ्याला अडखळून पडली. तिलाही दिसेना. तातू चरकला. त्याने दोन्ही जागा तासून गुळगुळीत केल्या, तेव्हा कुठे दोघांची नजर परत आली. गावाने बजावलं, "तातू, आता पुरे."

राहिली चिमा. गेलेल्या जिवाची नजर कोण नेणार, असं तातूच्या मनाने घेतलं. त्याने तिचा उजवा डोळा कोरला, आणि त्याचा स्वतःचा उजवा डोळा विझला.

त्याची बायको आवडी धावत आली. "अहो, तासा ती जागा! अजून वेळ गेली नाही."

"ती बघतेय गं," तातू म्हणाला. "बघत्या पोरीचा डोळा तासू?"

आणि त्याने डावाही कोरला.

आवडीने त्याला हाताला धरून घरी आणलं. काही दिवसांनी ओटीवर बसल्या बसल्या तो म्हणाला, "गुरवीण देवळात एकटी रडतेय. जा, बघ." आवडी गेली, तर खरंच. परत येऊन तिने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"देवळातलं तेवढं दिसतं," तो म्हणाला. "पण फार खालून. माणसं केवढी उंच दिसतात, आवडे."

मरेपर्यंत तो घरी बसून देवळात आलेला माणूस ओळखायचा. मग तोही गेला. आता त्या डोळ्यांतून कोण बघतं, यावर गावात कुणी बोलत नाही.

आजही कासारखोलात बारशाआधी मूल त्या फळीपुढे आणतात. परगावी निघालेला माणूस पिशवी बाजूला ठेवून तिथे उकिडवा बसतो, मुलीच्या उंचीवर तोंड आणतो आणि "येतो गं" म्हणून उठतो. पाहुण्यांना जुनी माणसं एवढंच सांगतात, येताना बसला नाहीत तरी चालेल, तिने तुम्हाला पाहिलं आहे. जाताना मात्र बसा.