जांभळीपासून पुढे ये!

मुलांनो, नदीच्या अलीकडच्या जंगलात एक अस्वल राहत होतं. मध त्याला आवडायचाच, पण दूरदूरच्या जंगलांत त्याचं नाव झालं ते गोलंदाजीमुळे. सुकलेलं टणक कवठ हा तिथला चेंडू. ते मुठीत धरून अस्वल धावत सुटलं, की समोरच्या फलंदाजाच्या पाचावर धारण बसे. डोंगरापलीकडच्या तरसाला तर आपली पाळी आली की नेमकी पोटदुखी सुरू व्हायची. झुडपामागे गेला, की डाव संपेपर्यंत तो काही परत येत नसे.

अस्वलाच्या संघात एक वानर यष्टिरक्षक होता. इतर कुणी गोलंदाजी करत असलं, की वानर जवळच्या करवंदीच्या जाळीपाशी उभा राही. अस्वल आलं की मात्र थेट मागे, जांभळीच्या खोडाला शेपटी टेकवून. कवठ तिथवर सणसणत जायचं. "वानर जांभळीला गेला रे!" अशी पाखरं ओरडायची आणि अस्वलाची छाती फुगायची. आपण किती बळी घेतले हे त्याला कधी धड सांगता येत नसे, पण जांभूळ मात्र पक्की लक्षात! परक्या जंगलात सामना असला, तर हे महाशय आधी यष्ट्यांमागे तेवढ्याच लांब एखादं झाड आहे का, ते बघून यायचे.

पण अंग काय कायम तसंच राहतं? अस्वलाचा खांदा दुखायला लागला. कवठाचा वेग उतरला. हे सगळ्यांच्या आधी त्याचं त्यालाच कळलं, आणि त्याने ते कुणाला म्हणून सांगितलं नाही. एकदा वानर आपणहून थोडा पुढे सरकला, तर अस्वल केवढ्यांदा गुरगुरलं! "मागे हो! तू पुढे आलास तर लोक म्हणतील, अस्वल संपलं." वानर स्वभावाने गरीब. "बरं, दादा," म्हणाला आणि गेला परत जांभळीपाशी.

अशात उन्हाळा आला. नदी आटली, दोन जंगलांच्या मध्ये एकच डोह उरला. सामना जिंकेल त्या जंगलाने रोज आधी पाणी प्यायचं आणि हरेल त्याने मागाहून उरलासुरला गाळ, असं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं. हरिणी आपल्या पाडसांना घेऊन सकाळपासून मैदानाच्या कडेला येऊन बसल्या होत्या. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पाण्याचं मात्र कळत होतं.

पलीकडच्यांचा शेवटचा गडी कोल्हा. तो काही केल्या बाद होईना. दोनदा त्याच्या बॅटची कड लागून कवठ मागे उडालं आणि दोन्ही वेळा वानराच्या पुढ्यात टप्पा पडला. वानराने अंग झोकून दिलं, पण हात पोचले नाहीत. "झोपा काढतोस का रे?" अस्वल ओरडलं. मग काय, सगळं जंगलच वानराला बोल लावायला लागलं. वानराने मान खाली घातली आणि तो पुन्हा जांभळीपाशी जाऊन उभा राहिला.

शेवटचं षटक आलं. आणखी एक फटका बसला असता, तर डोह हातचा गेला असता. कवठ घेऊन वानर अस्वलापाशी आला, तेव्हा अस्वलाचं लक्ष त्याच्या गुडघ्यांकडे गेलं. दोन्ही गुडघे सोलवटून निघाले होते.

"हे कशाने रे?" अस्वलाने विचारलं.

"पुढे उड्या मारून, दादा," वानर हळूच म्हणाला. "कवठ आता जांभळीपर्यंत येत नाही हो."

अस्वलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला खांदा झाकायला आपण या बिचाऱ्याचे गुडघे फोडले! त्याने एकदा पाडसांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं, "वानरा, जांभळीपासून पुढे ये! माझ्या हातात आता तेवढा जोर राहिला नाही. ये, अजून ये. करवंदीच्याही पुढे!"

वानर करवंदीच्याही पुढे येऊन उभा राहिला. मग कोल्हा खो खो हसला. "काय अस्वलराव, म्हातारे झालात की!"

"झालोय खरा," अस्वल म्हणालं, आणि नवल म्हणजे त्याला काहीच झालं नाही. उलट खांद्यावरचं ओझंच उतरल्यासारखं वाटलं. ते थोडंसंच धावलं आणि झेपेल तेवढ्याच जोराने, नेमकं टप्प्यावर कवठ टाकलं. कोल्ह्याने हसत हसतच बॅट फिरवली. कड लागली. या वेळी वानर जवळ होता. टपकन् झेल!

पंच होतं कासव. त्याने मान बाहेर काढली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अरे बाबा, लवकर कर! सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. अखेर त्याने सावकाश पाय वर केला. बाद! हरिणींचा जीव भांड्यात पडला आणि पाडसं कुणाचीही वाट न पाहता डोहाकडे पळत सुटली.

संध्याकाळी अस्वल खांद्यापर्यंत डोहात बसलं होतं. "हुश्श!" ते वानराला म्हणालं. "कुणाला कळेल का, कुणाला कळेल का, याच भीतीने झोप उडाली होती रे माझी. आज निवांत झोपेन. आणि तुझ्यावर ओरडलो, ते माझं चुकलं."

"जाऊ द्या, दादा," वानर गुडघे पाण्यात बुडवत म्हणाला. "खरं सांगू? त्या जांभळीपासून मला फलंदाज धड दिसतसुद्धा नव्हता."

अस्वल इतकं हसलं, की त्याचा खांदा पुन्हा दुखला.

तात्पर्य : ताकद ओसरली, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपला उणेपणा झाकला तर त्याचा मार सोबत्याला बसतो, आणि तो मोकळेपणाने सांगितला तर तोच सोबती आपल्याला सावरून घेतो.